भाकरीला उकळतं पाणी का लागतं : धान्यातल्या प्रथिनांच्या प्रकल्पाची वही

११ जानेवारी २०२५, शनिवार

विज्ञान प्रदर्शनासाठी अकरावीच्या दोघी आल्या. एक शिरोळ तालुक्यातली, दुसरी आजऱ्याची. वहीत नावं घालत नाही. वर्गातही त्यांना शिरोळ आणि आजरा अशीच हाक मारतात. विषय घरूनच ठरवून आलेल्या: ‘कोणत्या धान्यात प्रोटीन जास्त?’ तक्ता, स्केचपेन, थर्माकोल, सगळं डोक्यात तयार.

मी म्हटलं, हा तक्ता पुस्तकात छापलेलाच आहे. शंभर ग्रॅम गव्हात १०-१२ ग्रॅम, जोंधळ्यात १०च्या आसपास, तांदळात आणि नाचणीत ७-८. झालं प्रदर्शन, जावा घरी.

आजऱ्याची हिरमुसली. शिरोळची चिवट. म्हणाली, “मॅडम, गव्हात नि शाळूत प्रोटीन जवळजवळ सारखंच असेल, तर चपाती लाटता येते आणि भाकरी थापायलाच का लागते? आईला विचारलं तर म्हणते, शाळू तसलाच.” (शाळू म्हणजे रब्बीचा जोंधळा.)

हा प्रश्न घ्यायचा ठरलं. फळ्यावर नवा मथळा लिहिला: बी आपली प्रथिनं कुठं आणि कशी ठेवतं? किती, ते शेवटी बघू.

सामानाची वाटणी: खपली गहू आणि शाळू शिरोळहून, घनसाळ तांदूळ आणि नाचणी आजऱ्याहून. मैदा आणि मका लक्ष्मीपुरीच्या बाजारातून मी आणीन. साधा गहू आमच्या घरच्या डब्यातला.

१८ जानेवारी, शनिवार

चार परातींत चार पिठं, प्रत्येकी १०० ग्रॅम. मळून अर्धा तास झाकून ठेवली. मग पाण्याच्या पातेल्यात गोळा धरून बोटांनी हलकेच चोळत राहायचं. पाणी दुधासारखं होतं. ते स्टार्च. पाणी बदलायचं, पुन्हा चोळायचं.

मैद्याचा गोळा चौथ्या पाण्याला लिंबाएवढा उरला. सातव्या पाण्याला पाणी निवळ राहिलं आणि हातात उरलं ते करड्या-पिवळट च्युइंगमसारखं. ताणलं की वीतभर लांबतं, सोडलं की सावकाश मागं येतं. वजन २९ ग्रॅम. ओव्हनमध्ये वाळवल्यावर १० ग्रॅमला थोडं कमीच भरलं, म्हणजे दोन वाटे पाणी आणि एक वाटा ऐवज. हे ग्लुटेन. दोघींनी त्याचा फुगा करायचा प्रयत्न केला. झाला नाही.

गिरणीच्या पिठातून निघालं, पण कोंड्यानं छळलं. कोंड्याचे कण त्या जाळीत अडकतात आणि तिला ठिकठिकाणी तोडतात. खपलीचा गोळा लेचापेचा. ताणला तर लांबतो, पण मागं यायचं नाव नाही, ओघळून खाली येतो. दोनदा पाण्यातच फाटून गेला, तिसऱ्यांदा सुती फडक्यात धरून धुतला तेव्हा काहीतरी राहिलं.

शाळू: पहिल्याच पाण्याला सगळं पीठ तळाशी. शिरोळची दोन्ही तळवे पुढे करून उभी, प्रसाद मागितल्यागत. तळव्यात काही नाही.

हा प्रयोग फार जुना आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बेकारी या शास्त्रज्ञानं १७२८ साली तिथल्या विद्वानांच्या सभेत तो सांगितला, १७४५ साली तो छापून आला. पीठ धुऊन त्यानं दोन भाग केले, एक स्टार्चचा आणि एक हा चिवट. चिवट भाग ठेवला तर मांसासारखा कुजतो, तसाच वास येतो. असला पदार्थ प्राण्यांच्या अंगातच असतो असा तेव्हाचा समज होता, तो गव्हात सापडला. वनस्पतीतलं प्रथिन वेगळं काढल्याची ही पहिली नोंद धरतात.

ग्लुटेन गव्हात तयार बसलेलं नसतं, हे दोघींना पटवायला वेळ लागला. दाण्यात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशा दोन जातीची प्रथिनं असतात. पाणी घालून तिंबलं की ती एकमेकांत गुंततात. ग्लायडिन गोळ्याला लांबू देतं, ग्लुटेनिन मागं खेचतं. ग्लुटेनिनचे लांब रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांना बांधलेले असतात. साध्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ४२. खपलीत दोनच संच, २८. ज्या मोठ्या ग्लुटेनिनांवर पावाची कणीक उभी राहते त्यांतली महत्त्वाची जोडी तिसऱ्या संचावरच्या जनुकांची, आणि तो संचच खपलीत नाही. म्हणून ओघळते.

२१ जानेवारी, मंगळवार

सासूबाईंना भाकरी करताना विचारलं, उकळतं पाणी का? “ताज्या पिठाला कोमटही चालतंय. पीठ जुनं झालं, विरी गेली, की उकळतं घालायचं. मी तर घालतोच.” (त्या कोल्हापुरातल्या अस्सल पेठेतल्या. ‘मी घालतो’च म्हणणार.)

उकळतं पाणी पडलं की पिठातला थोडा स्टार्च शिजून चिकट होतो आणि बाकीच्या पिठाला धरतो. चपातीला प्रथिन धरून ठेवतं, भाकरीला स्टार्च. मग शाळूतली ती दहा टक्के प्रथिनं करतात काय?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून एसटीनं शिरोळ. तिच्या रानात शाळू हुरड्याला आलाय. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसून भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारायची. लसणाची चटणी, गूळ, दही. अर्धा तास प्रकल्पाचं नाव कुणी काढलं नाही.

मग मी कच्च्या कणसातला एक दाणा नखानं दाबला. आतून पांढरं दूध आलं. शेजारच्या कणसातला दाणा दाबला तर मऊ कणकेसारखं. बांधाकडच्या लवकर पेरलेल्या ओळीतला दाबला, नख उमटलं नाही. तीन कणसांत महिनाभराचं काम दिसलं.

दाणा भरतो तेव्हा काय चालतं ते बांधावरच सांगितलं. गाभ्यातल्या पेशींत एकीकडे स्टार्चचे कण वाढत असतात, दुसरीकडे आंतर्द्रव्यजालिकेवर, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यावर, प्रथिनं तयार होत असतात. पानांतून, खोडातून आलेला नत्र इथं जिरवायचा असतो. जोंधळ्यातल्या मुख्य साठवणीच्या प्रथिनाला काफिरिन म्हणतात. ते त्या जालिकेच्या पोकळीतच साचतं, बाहेर जात नाही, आणि त्याच्या बारीक गोळ्या होतात. मायक्रोमीटर-दीड मायक्रोमीटरची एक गोळी. मक्यातही हीच तऱ्हा. मक्यात हा क्रम नीट तपासलेला आहे: आधी गंधकाच्या पुलांनी बांधली जाणारी, बीटा आणि गॅमा जातीची प्रथिनं जमतात, मग अल्फा जातीचं प्रथिन आत घुसून मधला भाग भरत जातं आणि आधीची कडेला ढकलली जातात. तयार गोळीत आत मऊ माल, बाहेर कडक कवच. करंजीच म्हणा ना, फक्त सारण नंतर भरलेली.

गव्हातही अशा गोळ्या होतात. पण दाणा पिकून सुकता सुकता त्या एकमेकींत मिसळतात आणि स्टार्चच्या कणांभोवती सलग थर होतो. म्हणून पाणी पडल्यावर जाळं विणलं जातं. जोंधळ्याची गोळी शेवटपर्यंत सुटी राहते, आपापल्या कवचात. मळून मळून हात दुखले तरी गोळीतला माल बाहेर येऊन शेजारच्या गोळीला बिलगत नाही.

शिरोळची म्हणाली, “म्हणजे आई बरोबर बोलली. शाळू तसलाच.”

१ फेब्रुवारी, शनिवार

ऑस्बोर्नची पद्धत. हा अमेरिकेतल्या कनेटिकटच्या शेती प्रयोग केंद्रातला रसायनतज्ज्ञ. आयुष्यभर बियांचीच प्रथिनं काढत बसला. गव्हावरचं त्याचं मोठं काम १९०७ सालचं. त्यानं केलेली वाटणी आजही चालते: पाण्यात विरघळतात ती अल्ब्युमिनं, मिठाच्या पाण्यात ग्लोब्युलिनं, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात प्रोलॅमिनं, आणि त्यानंतरही उरलेली, सौम्य आम्लात किंवा अल्कलीत उतरणारी ती ग्लुटेलिनं. नुसती विद्राव्यता. यंत्र नाही, काही नाही. म्हणून तर आमच्या प्रयोगशाळेत जमतंय.

एथिल अल्कोहोलासाठी परवान्याची भानगड, म्हणून आयसोप्रोपिल घेतलं. ७० टक्के. मका, गहू, शाळू, तांदूळ. अर्क गाळून थंड पाण्यात ओतला की प्रोलॅमिन विरघळलेलं राहत नाही, पांढरा ढग येतो. मक्याला ढग आला, गव्हाला आला, शाळूलाही आला! पोरींनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले.

मला शंका. शाळूचा ढग तळाशी बसेना, वर तवंग धरू लागला.

५ फेब्रुवारी, बुधवार

शंका खरी. पिठातलं तेल आम्ही आधी काढलंच नव्हतं. अल्कोहोलात तेलही थोडं उतरतं आणि पाण्यात ओतलं की तेही पांढरं दिसतं. मिसळीचा कट मोजला आणि म्हटलं मटकी किती छान.

चूक माझी. हे मुलींना तसंच सांगितलं. फोटो पुसायचे नाहीत, तक्त्यावर ‘पहिला चुकलेला प्रयोग’ म्हणून लावायचे.

पेट्रोलियम इथरनं पिठं धुऊन, वाळवून पुन्हा सगळं केलं. मका: दाट ढग, खाली बसलेला साका अल्कलीत विरघळवून मोरचूद घातलं तर जांभळा रंग. प्रथिनच. गहू: तसाच. शाळू: जेमतेम धूसर. अल्कोहोल ६० अंशांपर्यंत गरम करून घेतल्यावर थोडा वाढला, तरी मक्याच्या पासंगाला नाही. म्हणून शाळूत प्रोलॅमिन कमी असं नव्हे, उलट त्याच्या प्रथिनात निम्म्याहून मोठा वाटा काफिरिनचाच. पण ते पाण्यापासून फार अंग चोरतं आणि कवचाच्या आत. ते पुरतं काढायचं तर गंधकाचे पूल तोडणारं रसायन लागतं. त्याचा वास अख्ख्या मजल्यावर पसरेल, म्हणून इथंच थांबलो.

घनसाळ: अल्कोहोलात जवळजवळ काही नाही. तांदळाचा कारभार वेगळा. त्याचं बहुतेक प्रथिन ग्लुटेलिन. आजऱ्याचीला आपला तांदूळ नापास झाल्यासारखं वाटलं. तिला म्हटलं, थांब.

नाचणीचा अर्क तपकिरी निघाला, वरच्या सालीतल्या टॅनिनमुळे. त्यात जांभळा रंग ओळखणार कसा? नाचणी बाद.

प्रोलॅमिन हे नाव कुठून आलं ते आजऱ्याचीनं विचारलं. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. या प्रथिनांत त्यांतलं प्रोलिन भरपूर आणि ग्लुटामिनमुळे अमाइड नत्र भरपूर, त्या दोहोंचं मिळून नाव. ग्लुटामिनच्या एका रेणूत नत्राचे दोन अणू. उगवणाऱ्या कोंबाला नत्र हवा, तो कमी जागेत जास्त मावावा, अशी ही बांधणी. लायसिन या अमिनो आम्लातही दोन अणू असतात, पण प्रोलॅमिनांत लायसिन नावाला, मक्याच्या प्रोलॅमिनात, म्हणजे झेइनमध्ये, तर जवळपास नाहीच. कोंबाचं अडत नाही, तो स्वतःचं लायसिन तयार करतो. आपल्याला ते करता येत नाही.

याच ऑस्बोर्ननं येल विद्यापीठातल्या लाफायेट मेंडेलबरोबर (वाटाण्यांचा मेंडेल तो वेगळा) उंदरांवर प्रयोग केले. प्रथिन म्हणून नुसतं झेइन दिलं तर पिल्लं वाढेनात, वजन घटायला लागलं. ट्रिप्टोफॅन हे आणखी एक अमिनो आम्ल घातलं, घट थांबली. त्याच्या जोडीला लायसिन घातलं, वाढ सुरू झाली. १९१४ साल. पोटभर प्रथिन खाऊनही वाढ खुंटू शकते, हे तेव्हा इतकं स्वच्छ दिसलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

ग्लुटेलिनासाठी कॉस्टिक सोडा जरा जास्त कडक झाला. तांदळाच्या पिठाची खळ झाली. इस्त्रीवाल्याला द्यावी अशी. गाळण कागद तीन वाया. पुढच्या वेळी ०.१ नॉर्मलच्या वर जायचं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज नुसतं बघायचं. शाळूचा दाणा ब्लेडनं मधोमध कापला (शिरोळचीचं बोटही थोडं). उजेडात धरला तर कडेनं काचेसारखा अर्धपारदर्शक पट्टा आणि मध्ये पांढरा, पिठूळ गाभा. काचेच्या भागात प्रथिनाच्या गोळ्या स्टार्चभोवती गच्च दाटलेल्या, मध्ये पोकळी नाही, म्हणून उजेड आरपार जातो. पिठूळ भागात बांधणी सैल, हवेची भोकं, उजेड विखुरतो, पांढरं दिसतं. बाजारात दाणा दाताखाली फोडून बघणारी आजी हेच बघत असते.

भिजवलेल्या गव्हाचा पातळ काप, वर आयोडीन. गाभा निळा-काळा. कडेला, सालीच्या लगेच आत, चौकोनी पेशींची एकच ओळ, पिवळट राहिलेली. ॲल्युरोन. त्यात स्टार्च नाही, प्रथिन आणि तेल. आजऱ्याची सूक्ष्मदर्शकावरून उठेना. म्हणाली, घराभोवतीचा गडगा वाटतोय.

हा गडगा जिवंत असतो. गाभा पिकताना मरतो, ॲल्युरोन मरत नाही. दाणा भिजला की अंकुराकडून जिबरेलिन नावाचं संप्रेरक येतं आणि या पेशी विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडायला लागतात. स्टार्च फोडणारी, प्रथिनं फोडणारी. गोळ्या विरघळतात, अमिनो आम्लं कोंबाकडे जातात. तांदळाला पॉलिश मारलं की गडगा आणि अंकुर दोन्ही कोंड्यात जातात. त्यांच्यातल्या प्रथिनांत लायसिन त्या मानानं जास्त असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

या प्रकल्पातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दिवस, आणि नेमका त्याचाच नीट आकडा हाती नाही.

कच्चं शाळूचं पीठ आणि त्याच पिठाची शिजवलेली पातळ लापशी. तसंच गव्हाचं. आधी स्टार्च काढायला डायस्टेज, मग सौम्य आम्लात पेप्सिन, म्हणजे जठरातलं प्रथिन फोडणारं विकर, ३७ अंशांना दोन तास. पोटात होतं त्याची गरीब नक्कल. खाली उरलेला साका धुऊन त्यात मोरचुदाची चाचणी. जांभळा जितका गडद, तितकं प्रथिन न पचता राहिलं.

गव्हाच्या दोन नळ्यांत फरक ओळखू येत नव्हता. शाळूच्या दोन नळ्या: शिजवलेली स्पष्ट गडद. आम्ही तिघींनी एकमेकींना न सांगता चिठ्ठीवर लिहिलं, तिन्ही चिठ्ठ्या सारख्या. तरी हा डोळ्यांचा अंदाज. तक्त्यावर फोटो लावायचा, आकडा लिहायचा नाही.

शिजवल्यावर अन्न पचायला हलकं होतं, ही आपली साधी समजूत. जोंधळ्याच्या प्रथिनाचं उलटं होतं. पाण्यात शिजताना गोळीच्या कवचातली प्रथिनं गंधकाच्या पुलांनी आणखी घट्ट बांधली जातात आणि आतलं अल्फा काफिरिन, म्हणजे मुख्य ऐवज, आतच कोंडला जातो. पेरू देशात कुपोषणातून सावरणाऱ्या लहान मुलांना जोंधळ्याची शिजवलेली पेज देऊन पाहिलं होतं, १९८१ साली ते प्रसिद्ध झालं. प्रथिनाची पचनीयता ४६ टक्के. तशाच पद्धतीनं मोजलेली तांदळाची ६६, मक्याची ७३, गव्हाची ८१.

पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जोंधळ्याचे असे वाण सापडले की ज्यांच्या गोळ्या गुळगुळीत नसून घड्या पडलेल्या, खाचाखाचांच्या असतात. त्या खाचांतून विकर आत शिरतं आणि शिजवल्यावरही प्रथिन पचतं. गोळीचा आकार बदलला आणि पचन बदललं. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरून शिपाईमामा डोकावून गेले.

भाकरी म्हणजे पेज नव्हे, हेही सांगितलं. पाणी कमी, तव्यावरची कोरडी आच. आकडे जसेच्या तसे भाकरीला चिकटवायचे नाहीत. आणि आंबवल्यानं परिस्थिती सुधारते. सुदानमध्ये आंबवलेल्या जोंधळ्याची किसरा नावाची पातळ पोळी करतात, तिची पचनीयता साध्या शिजवलेल्या पेजेपेक्षा बरी आढळली आहे. आपली आंबील काय वेगळी आहे?

२ मार्च, रविवार

शिरोळचीचे वडील भेटायला आले. पिशवीतून वांगी. विचारलं, “बाई, निसवायच्या टायमाला युरिया दिला तर प्रोटीन वाढतं म्हणे. खरं काय?”

वाढतं. उशिरा मिळालेला नत्र दाण्यात जातो. पण जास्तीचा नत्र बी कुठं ठेवतं? साठवणीच्या कोठारात, म्हणजे प्रोलॅमिनात. पेशीचं रोजचं काम चालवणारी, लायसिन असलेली प्रथिनं त्या मानानं फारशी वाढत नाहीत. टक्का १० वरून १२ झाला, तरी दर ग्रॅम प्रथिनातलं लायसिन घसरतं. विटांचा ट्रक आणखी एक आला, सिमेंट तेवढंच. भिंत किती उभी राहणार? पावाच्या गव्हाला मात्र हाच उशिराचा युरिया फायद्याचा, तिथं ग्लुटेनच हवं असतं.

ते म्हणाले, मग बियाण्यातच लायसिन वाढवायचं की. वाढवलं होतं. १९६४ साली पर्ड्यूतच मक्याचा ओपेक-२ नावाचा उत्परिवर्ती वाण लायसिनला सरस निघाला. त्यात झेइन तयार करायचा हुकूम देणारं एक जनुकच बिघडलेलं. झेइन घटलं, त्याच्या जागी इतर प्रथिनं भरली. जगभर उड्या पडल्या, आपल्याकडेही शक्ती, रतन, प्रोटीना असे वाण आले. पण दाणा पिठूळ, मऊ, वजनाला हलका, किड्यांच्या आवडीचा. शेतकऱ्यांनी पाठ फिरवली. मेक्सिकोतल्या संशोधन केंद्रात सुरिंदर वासल आणि एव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी तो गुण राखून दाणा पुन्हा कडक करायला कितीतरी वर्षं घालवली. २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार दोघांना त्यासाठीच.

वडील ऐकून घेऊन म्हणाले, “आमी पिठलं खातो भाकरीसंगं.” बरोबर. हरभऱ्यात लायसिन भरपूर. पुढं बोलायला मला काही उरलं नाही.

९ मार्च, रविवार

प्रदर्शन झालं. उत्तेजनार्थ. परीक्षकांनी तक्ता पाहिला, धुतलेलं ग्लुटेन ताणून पाहिलं, चुकलेल्या प्रयोगाचे फोटो पाहून हसले आणि विचारलं, “बरं, मग सगळ्यात जास्त प्रोटीन कशात?”

आजऱ्याचीनं उत्तर दिलं, आणि ते तिला मी शिकवलेलं नव्हतं, तिनं वाचून काढलेलं. जपानमध्ये तांदळाचा एक वाण मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वापरतात. त्यांना प्रथिन कमी द्यायचं असतं. त्या वाणात एकूण प्रथिन काही फारसं कमी नाही. त्यातलं पचणारं ग्लुटेलिन घटवलंय आणि प्रोलॅमिन वाढलंय. तांदळातल्या प्रोलॅमिनच्या गोळ्या शिजवल्यावर पोटातून बऱ्याचशा तशाच बाहेर पडतात. “म्हणून सर, कशात जास्त ते नुसत्या टक्क्यावरून नाही सांगता येत.”

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या ज्वालामुखीकडे गेले.

१६ मार्च, रविवार

प्रदर्शन संपलं तरी वही चालू ठेवतेय.

गिरणीत खपली दळायला गेले. समोर एक बाई, नातवाला गहू बंद केलाय म्हणून खपली न्यायला आलेल्या. कुणीतरी सांगितलं होतं खपलीत ग्लुटेन नसतं. गिरणीवाले काकाही म्हणाले, “नसतंच की वहिनी, बघा ना चपाती तुटती.”

काकांची परीक्षा चुकीची नाही, निष्कर्ष चुकीचा. खपलीचं ग्लुटेन लेचंपेचं आहे, पण आहे. आणि सिलिअ‍ॅकच्या आजारात त्रास देतं ते मुख्यतः ग्लायडिन, जे खपलीत भरपूर असतं. प्रोलिन आणि ग्लुटामिन इतकं दाटीनं बसलेलं असतं की आपल्या विकरांना ते पूर्ण तोडता येत नाही, लांब तुकडे उरतात. ग्लायडिनचा ३३ अमिनो आम्लांचा असा एक तुकडा तर प्रसिद्धच आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांचं शरीर त्या तुकड्यांवर उलटतं आणि आतड्याचंच अस्तर झिजतं. डच बालरोगतज्ज्ञ डिके यांनी गव्हावर बोट ठेवलं. त्यांचा संशय आधीपासूनचा, पण १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत, पाव मिळेनासा झाला तेव्हा, ही मुलं सुधारलेली दिसली. त्यांचा प्रबंध १९५०चा.

त्या बाईंना विचारलं, डॉक्टरांनी आजाराचं नाव काय सांगितलंय? त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. नाव तेच होतं. खपली परत ओतायला लावली. शाळू घ्या, नाचणी घ्या, तांदूळ घ्या, मात्र दळण गव्हावर दळून नका नेऊ, गिरणीच्या दगडात पीठ राहतं. काका थोडे रागावले. मग त्यांनीच सांगितलं, घरची छोटी चक्की आहे, तिच्यावर नुसता जोंधळा दळून देतो.

६ एप्रिल, रविवार

घरी कुरडयांचा घाट. गहू गुरुवारपासून भिजत, रोज पाणी बदललेलं, घरभर आंबूस वास. काल वाटून, फडक्यातून पिळून चीक काढला, रात्रभर ठेवला. सकाळी पातेल्यात वर पिवळसर पाणी, खाली बुळबुळीत पांढरा चीक.

म्हणजे आमच्या घरी दर उन्हाळ्यात बेकारीचा प्रयोग होतो, फक्त उलट्या बाजूनं. तो चिवट भाग ठेवायचा, आम्ही स्टार्च ठेवतो.

तीन वाट्या उचलल्या: चीक, चोथा, वरची निवळ. सासूबाई म्हणाल्या, “काय तपासायचंय ते तपास, पण सोऱ्या धरायला ये.” कॉलेजातून मोरचूद आणि सोडा आणूनच ठेवला होता. चिकाला फिकट रंग, असून नसल्यासारखा. निवळीला हलका पण नक्की जांभळा. पाण्यात उतरणारी प्रथिनं, गव्हातल्या त्यातल्या त्यात लायसिनवाली, इथं आली होती. चोथा: गडद जांभळा. ॲल्युरोन, कोंडा, ग्लुटेनचे तुटके धागे, सगळं त्यातच.

निवळ आळूच्या वाफ्यात गेली. तिथं नत्राचं सोनं होईल. चोथा टाकून द्याल म्हणून मी डबा घेऊन गेले, सोमवारी पोरींना दाखवायला.

“टाकतंय कोण?” सासूबाईंनी परात जवळ ओढली. तिखट, मीठ, जिरं घालून कालवलेला चोथा होता. भुसवड्या. तळून आमटीबरोबर. दर वर्षी करतात, दर वर्षी मी खाते, आणि त्या कशाच्या असतात हे मी कधी विचारलं नव्हतं. डब्यात मूठभर मिळाला, तोही हिंग लागलेला. गच्चीवर कावळे हाकायला मी, कुरडया घालायला त्या. दुपारी दोनपर्यंत चार चादरी भरल्या.